शेवरवाडीच्या खांबावर राहिलेला टेस्ट फोन

टेलिफोनच्या खांबावर चढलेला माणूस तुम्ही कधी पाहिला असेल, तर त्याच्या कमरेला लोंबणारा मीही तुमच्या नजरेस पडलो असेन. मित्रांनो, मी एक जुना टेस्ट फोन आहे. दिसायला जाडजूड रिसीव्हरसारखा, रंगाने केशरी, पाठीवर आकड्यांची बटणं आणि शेपटीसारखी एक वायर. त्या वायरीच्या टोकाला दोन दातेरी चिमटे आहेत. लाइनमन ते चिमटे तारांच्या जोडीला लावतो आणि लाइन जिवंत आहे की मेली, ते माझ्यातून ऐकतो. मला स्वतःची घंटी नाही, नंबर नाही, घर नाही. ज्याच्या तारेला लावाल त्याच्या घरचा मी, तेही तेवढ्यापुरता.

माझ्या कुशीला एक लहानशी खटकी आहे. ती खाली असली की मी ‘ऐका’वर असतो. तेव्हा लाइनीवरचं सगळं बोलणं माझ्यात येतं, पण माझ्या बाजूचा आवाज कुणाला जात नाही आणि लाइनही अडत नाही. खटकी वर केली की मी ‘बोला’वर येतो. मग मी खऱ्या फोनसारखाच होतो. आवाज जातो, आणि लाइन माझ्या ताब्यात येते. जोवर ती माझ्या ताब्यात आहे, तोवर बाहेरून कुणी त्या नंबरला फोन लावला, तर त्याला ‘लाइन व्यस्त आहे’ एवढंच कळतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. साच्यातली ऊब आठवते, आणि एका बाईने मला कानाला लावून ‘हं, जा’ म्हटलेलं आठवतं. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते दिघीच्या अलीकडच्या एका लहान टेलिफोन केंद्रात, एका टेबलावर.

त्या टेबलावर आम्ही तिघे होतो. तिघेही टेस्ट फोन, तीन वेगवेगळ्या कारखान्यांचे नमुने. केंद्रातला जुना टेस्ट फोन खाऱ्या हवेने सडला होता आणि नवा घ्यायचा होता. पहिला नमुना सडपातळ, काळाभोर, त्याला इवलीशी काच होती आणि काचेत नंबर दिसायचे. दुसरा पिवळा, हातात पिसासारखा. तिसरा मी.

साहेबांनी बाळाजीला बोलावलं. बाळाजी तिथला लाइनमन. आतल्या गावचा, भातशेती करणाऱ्या घरातला, काटक माणूस.

“बाळाजी, ह्यातला एक ठेवायचाय. वापरणार तू, तूच सांग.”

“नुसतं बघून कसं सांगू साहेब? पोरगी बघायला आलोय व्हय?”

असं म्हणून त्याने आम्हा तिघांना कमरेला अडकवलं आणि अंगणातल्या खांबावर चढला. वर जाऊन एकेकाला खाली सोडलं. खाली जांभा दगडाची फरसबंदी होती.

“अरे, अरे! नमुने आहेत ते, परत द्यायचेत!” साहेब ओरडले.

“मंग देताना सांगा, पडले म्हणून.”

काचवाला पहिल्याच फटक्याला आंधळा झाला. पिवळा उसळून गटारात गेला, पण बोलत राहिला. मी धप्पकन पडलो आणि पडून राहिलो. माझ्या अंगावरच्या जाड रबराने मला वाचवलं. मग बाळाजीने एका बादलीत खाडीचं पाणी आणलं आणि आम्हाला दुपारभर त्यात बुडवून ठेवलं. शेवटी त्याने आमचे चिमटे एका तारेला लावले आणि प्रत्येकाला आपली हत्यारांची पिशवी टांगली. पिवळ्याचे चिमटे घसरले. माझे घसरले नाहीत. ते सोडवायला बाळाजीला दोन्ही हातांची बोटं लावावी लागली. त्याला एवढा आनंद झाला की, त्याने मला शर्टाने पुसलं.

“हा घ्या साहेब. हा धरलं की सोडत न्हाय.”

“जड आहे रे.”

“जड हाय तेच बरं. कमरेला हाय का न्हाय ते कळतं तरी. हलका कुठं राहिला, तर पत्ता लागायचा न्हाय.”

मित्रांनो, कुणी आपल्याला असं निवडून घेतलं की छाती भरून येते. मला छाती नाही, पण जे काही आहे ते भरून आलं.

त्यानंतरची वर्षं धावपळीची होती. भर उन्हात खांब तापलेले असायचे आणि तारांच्या पेट्यांत मुंग्यांनी घरं केलेली असायची. पाऊसकाळात पाणी माझ्या बटणांतून वाहायचं. समुद्राची हवा लोखंड खाते, पितळ हिरवं करते, पण माझ्या चिमट्यांवर बाळाजी दर शनिवारी खोबरेल तेलाचा हात फिरवायचा. मोठं वादळ येऊन गेलं, तेव्हा बावीस दिवस आम्ही दोघं घरी असे नव्हतोच. माड आडवे, खांब आडवे, मोबाइलचे टॉवर मुके. एकेक लाइन उभी राहिली की पहिला आवाज माझ्यातून जायचा. “हॅलो, लाइनवरून बोलतोय, ऐकू येतंय का?” पलीकडे कुणीतरी रडायचं किंवा हसायचं. साहेबांनी तेव्हा मला हातात घेऊन इतरांना दाखवलं होतं. म्हणाले होते, “ह्याची निवड बरोबर होती.”

बाळाजीचे दोन नियम होते. लाइनीवर कुणी बोलत असेल तर आपण मध्ये बोलायचं नाही. आणि खांबावर जे कानावर पडलं, ते खांबावरच ठेवून उतरायचं. त्याची बायको सुचिता त्याला चिडवायची, “सगळ्या तालुक्याच्या भानगडी माहीत, आणि घरात येऊन मुका!” तो हसायचा. मीही हे नियम पाळले. पाळण्यावाचून मला दुसरं काय येत होतं म्हणा.

हळूहळू घरोघरी मोबाइल आले. तारा ओस पडल्या. कुणी फोन परत केले, कुणी तसेच कोपऱ्यात ठेवून दिले. शेवटी आमच्याकडे चाळीसेक लाइनी उरल्या. त्यातली एक होती शेवरवाडीची.

शेवरवाडी डोंगराच्या पोटाशी आहे. तिथे मोबाइल लागतच नाही. एक पोरगा आंब्याच्या झाडावर चढून रेंज शोधायचा, तोही हल्ली कंटाळला. वाडीत एकच तारेचा फोन होता, आवडाबाईचा. आवडाबाई सत्तरीची, घरात एकटी. भाताची दोन खाचरं, एक गाय, परसात काकडीचा वेल, एवढा तिचा संसार.

एके शुक्रवारी ती एसटीने केंद्रात आली. पावसाळा सरत आला होता. मी बाळाजीच्या पिशवीतून तोंड काढून बघत होतो.

“बाळाजी, माझा फोन मेलाय.”

“काकी, त्याला मरून दोन महिने झाले. आता आठवण झाली व्हय?”

“आता लागणार हाय म्हणून.” ती बाकावर बसली. पदराने तोंड पुसलं. “काशीबाय फोन करणार हाय.”

बाळाजीने हातातली पक्कड खाली ठेवली. काशीबाय म्हणजे आवडाबाईची थोरली बहीण, हे त्याला ठाऊक होतं. ती राहते खाडीपलीकडे, आगरदांड्याच्या बाजूला. दिघीच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसलं की पंधरावीस मिनिटांची वाट. पण दोघी बहिणी अकरा वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. त्यांची आई आवडाबाईच्या घरी वारली. काशीबायला कळवायला उशीर झाला. ती फेरीने धावत आली, तोवर चिता पेटली होती. घरी गेल्यावर तिने फोन करून आवडाबाईला नको नको ते ऐकवलं. आवडाबाईने रिसीव्हर काढून बाजूला ठेवला, तो आठ दिवस ठेवलाच नाही जागेवर. काशीबाय आठ दिवस फोन लावत राहिली आणि मग थांबली.

“तिच्या हृदयाचं ऑपरेशन हाय. मुंबईला,” आवडाबाई म्हणाली. “सोमवारी सकाळी. काल कुलदीप आलेला गाडी घेऊन.” कुलदीप म्हणजे काशीबायचा मुलगा. “म्हणाला, मावशी, आईला तुझ्याशी बोलायचंय. रविवारी चार ते पाच भेटायची वेळ असते, तेव्हा मोबाइल हातात देतात. तेव्हाच लावेन. अकरा वर्सांनी तिनं हात पुढं केलाय रे. रविवारच्या आत चालू करून दे.”

“उद्याच येतो, काकी.”

“बघ हां. मी काय तिला सांगू शकत न्हाय, फोन मेलाय म्हणून. ती म्हणेल, पुन्हा काढून ठेवला.”

शनिवारी दुपारी आम्ही शेवरवाडीला गेलो. दोष सापडायला वेळ लागला नाही. वाडीच्या अलीकडच्या वळणावर, शेवरीच्या झाडाशेजारी खांब आहे. त्याच्यावरच्या पेटीत एक जोड गंजून तुटला होता. बाळाजीने नवा जोड बांधला, माझे चिमटे लावले आणि खटकी ‘बोला’वर केली. माझ्या कानात ती जुनी ओळखीची घुरघुर आली. लाइन जिवंत झाली होती. ठरल्याप्रमाणे आवडाबाईने घरातून रिसीव्हर उचलला.

“काकी, ऐकू येतंय?”

“येतंय रे बाबा! पण घंटीचं बघ ना. मध्ये मध्ये वाजायचीच न्हाय. उचलला की पलीकडं माणूस असायचं.”

“ठेवा फोन, येतो खाली.”

आणि तो खाली गेला. मला वर ठेवून. माझे चिमटे इतके घट्ट असतात की मला कशाला टांगायची गरज नसते. बाळाजीने कधी टांगलंही नाही. आता परत वर येऊन मला काढायचं, पेटी लावायची आणि निघायचं, एवढंच तर होतं.

पुढचं मी पाहिलं नाही, नंतर त्याच्याच तोंडून ऐकलं. त्याने घंटीचे स्क्रू पिळले. “आता वाजेल,” म्हणाला. आवडाबाई म्हणाली, “न्हायतर मी अधनंमधनं उचलून बघीन.” तो म्हणाला, “उगाच उचलत बसू नका, लाइन अडेल.” मग तिने त्याला चहा दिला आणि गरम घावणे वाढले. निघताना परसातलं तवसं काढून आणलं. तवसं म्हणजे आपली पावसाळ्यातली मोठी काकडी, चांगली हातभर लांब. हत्यारांच्या पिशवीत माझी जागा रिकामी होती. आवडाबाईने तवसं नेमकं तिथे घातलं. बाळाजीने पिशवी कमरेला अडकवली. ती नेहमीइतकीच जड होती.

मी त्याला येताना पाहिलं. मोटारसायकल वळणावर आली, खांबाखालून गेली आणि डोंगराआड गेली. त्याने मान वर केली नाही. तो गाणं म्हणत होता.

मित्रांनो, मी तेव्हा ‘बोला’वर होतो. माझं तोंड उघडं होतं. पण आम्हा फोनांचं तोंड दुसऱ्याच्या आवाजासाठी असतं.

केंद्रातल्या यंत्राने थोडा वेळ वाट पाहिली. कुणी नंबर लावत नाही म्हटल्यावर त्याने माझ्या कानात ट्यां ट्यां ओरडून पाहिलं, रिसीव्हर जागेवर ठेवा म्हणून. कोण ठेवणार? मग तेही दमलं आणि लाइन गप्प झाली. जिवंत, पण गप्प. मी सुटायचा प्रयत्न केला नाही असं नाही. वारा आला की मी झोका घ्यायचो आणि मनात म्हणायचो, आता तरी घसरा रे चिमट्यांनो. तो पिवळा असता तर पहिल्याच झोक्याला खाली पडला असता आणि लाइन मोकळी झाली असती. काचवाला असता तर पहाटेच्या दवानेच मेला असता. मी ओला झालो आणि पुन्हा वाळलो. मला काहीही झालं नाही.

रविवार उजाडला. शेवरीवर कावळे आले. दुपारची एसटी वळणावरून गेली, म्हणजे पावणेचार झाले. आता काशीबाय उशीला टेकून बसली असेल. आता कुलदीपने नंबर लावून मोबाइल तिच्या हातात दिला असेल. ती लावत होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला काहीच ऐकू आलं नाही. तिचा फोन माझ्यापर्यंत येतच नव्हता. केंद्रातलं यंत्र तिला परस्पर सांगत होतं, लाइन व्यस्त आहे. पुन्हा व्यस्त. पुन्हा व्यस्त.

साडेचारच्या सुमाराला माझ्यात खट् असा आवाज झाला. आवडाबाईने रिसीव्हर उचलला होता.

“हॅलो?”

वारा माझ्या तोंडाशी होता. तो तिच्या कानात गेला.

“हॅलो, कोण? बाय? बाय, तूच ना गो?” पाट ओढल्याचा आवाज आला. “घंटी वाजलीच न्हाय बघ. त्या बाळाजीला घावणे खायला घातले तरी न्हायच वाजली. कधीची धरून बसलीस?”

फांदीवरचा कावळा ओरडला.

“कावळा वरडतोय. मुंबईच्या दवाखान्यात पण कावळे हायत व्हय?” ती हसली. मग थांबली. “बोलत न्हायस. नको बोलूस. दम लागत असेल. तू बोललीस तर मी पण काय तरी बोलेन, आन् मग हे ऱ्हाऊन जाईल. तू नुसती ऐक.”

मी ऐकत होतो. दुसरं काय करणार होतो?

“बाय, आईला त्या दिवशी सकाळीच जास्त झालं होतं. मी तुला सांगितलं, दुपारी जास्त झालं. दुपारी न्हाय गो, सकाळी. तेव्हा फोन केला असता तर तुला नऊची फेरी गावली असती. मी केला न्हाय. विसरले न्हाय, केला न्हाय.” तिचा श्वास मला ऐकू येत होता. “आई सारखी विचारत होती, काशी कुठं हाय, काशीला बोलव. मी सात वर्सं तिचं सगळं केलं. न्हाऊ घातलं, भरवलं, अंथरूण धुतलं. आन् शेवटी तिला तूच हवी. मला राग आला गो. म्हटलं, बोलवू सावकाश. मग सावकाश ऱ्हायलंच न्हाय.”

वारा पडला होता.

“फोनवर तू मला बोललीस ते खरंच होतं. मी रिसीव्हर काढून ठेवला तो तुझ्या रागानं न्हाय. तू विचारत ऱ्हायली असतीस तर माझ्या तोंडून निघालं असतं म्हणून काढला. अकरा वर्सं मी ते कुणाला सांगितलं न्हाय. देवाला पण न्हाय सांगितलं. आता तुला सांगितलं. माझं चुकलं, बाय.”

ती रडली नाही. रडणं सोपं असतं, असं मला अनेक लाइनी ऐकून वाटतं.

“ऐकलंस ना? नुसतं हूं कर. मी समजेन.”

मित्रांनो, मी तिला सांगू शकलो असतो तर काय सांगितलं असतं? म्हटलं असतं, आवडाबाई, ठेवा फोन, पलीकडे कुणी नाही. हे शब्द माझ्यावर वाया घालवू नका, मी एक रबराचा तुकडा आहे. तुमची बहीण तिकडे नंबर लावून लावून रडकुंडीला आली आहे. मी हे सारं मनात ओरडत होतो, आणि तेवढ्यात खाडीकडून वाऱ्याची एक झुळूक आली. माझ्या तोंडाच्या बारीक भोकांवरून ती गेली आणि हलकासा आवाज झाला.

हूं.

तो मी केला नाही. शपथेवर सांगतो, तो वारा होता.

“हां,” आवडाबाई म्हणाली. तिचा सगळा श्वास एकदम सुटला. “हां. बरं. ठेव आता, दमली असशील. उद्या भिऊ नकोस.”

आणि तिने रिसीव्हर जागेवर ठेवला. मी मात्र तसाच लाइन अडवून लटकत राहिलो.

सोमवारी सकाळी आठलाच बाळाजी धापा टाकत खांबावर चढला. केंद्रात पोचून पिशवी कमरेला लावली, ती हलकी लागली म्हणून उघडली, तेव्हा त्याला मी नसल्याचं कळलं होतं. घरी शनिवारीच सुचिताने तवसं काढून घेतलं होतं आणि पिशवी खुंटीला लावली होती. रविवारी तिला कुणी हात लावला नाही. त्याने माझे चिमटे सोडवले. घाईत बोटं दोनदा निसटली.

मला कमरेला लावूनच तो आवडाबाईच्या घरी गेला. ती अंगणात गाईला गवत टाकत होती. तिचा चेहरा मी पहिल्यांदाच असा मोकळा पाहिला.

“बाळाजी! अरे, काल बायचा फोन आला. घंटी काय वाजली न्हाय तुझी, पण मी उचलला. बोलली न्हाय ती. ऐकलं मात्र सगळं. शेवटी हूं म्हणाली.”

बाळाजीने पिशवीवर हात ठेवला. तो गप्प बसला असता तर त्याची चूक कुणालाच कळली नसती, आणि ही बाई सुखात राहिली असती.

“काकी,” तो म्हणाला, “काल फोन लागलाच नसेल. हा टेस्ट फोन मी खांबावर विसरलो होतो. शनिवारपासून लाइन अडलेली.”

“मंग काल कोण होतं?”

त्याने मला पिशवीतून वर काढलं.

“कोण न्हवतं, काकी. हा होता.”

तिने माझ्याकडे पाहिलं. हातातलं गवत तिच्या हातातच राहिलं. मग ती भरकन घरात गेली आणि डब्यातून कुलदीपच्या नंबराची चिठ्ठी घेऊन आली. “लाव. लाव लवकर. नेली नसेल अजून.”

“तुमच्याच फोनवरून लावा. मी इथं तारेवर लक्ष ठेवतो, मध्येच दगा नको.” ओटीवरच्या भिंतीत तारेची डबी आहे. तिच्यात माझे चिमटे लावून त्याने मला ‘ऐका’वर ठेवलं.

दुसऱ्याच घंटीला कुलदीप आला. “मावशी? काय केलंस काल? तासभर लावत होती आई. शेवटी म्हणाली, अजून काढूनच ठेवलाय तिनं. न्यायच्या आधी पाच मिनिटं मला आत सोडलंय.”

“तिला दे रे. आधी तिला दे.”

मग एक दमलेला, भारी आवाज आला. “काय गो आवडे. ठेवलास वाटतं जागेवर.”

“बाय, मी न्हाय काढला. लाइनमनचा फोन तारेला लटकत ऱ्हायला होता.”

“कुणाचा फोन? कुठं लटकत होता?” काशीबायला खोकला आला. “सत्तर वर्सांची झालीस, जरा बरं काय तरी सांग.”

बाळाजीने जन्मात कधी केलं नाही ते केलं. त्याने माझी खटकी वर केली आणि चाललेल्या बोलण्यात तोंड घातलं. “काकी, मी लाइनमन बोलतोय. खरं हाय ते. चूक माझी हाय.”

“लाइनमनला पण शिकवून ठेवलंस व्हय गो?” काशीबाय म्हणाली. ती चिडली होती की हसली होती, ते मला आजवर उमगलेलं नाही. मग म्हणाली, “बरं, समज मी मानलं. काल चारला माझा फोन लागला असता, तर काय बोलली असतीस?”

बाळाजीने खटकी खाली केली. आवडाबाईच्या श्वासाखेरीज काही ऐकू येईना. बोला, आवडाबाई. कालच तर सगळं बोललात, एक शब्द अडला नाही. सकाळी, दुपारी नाही, एवढंच म्हणा. तिथून पुढे आपोआप येईल. बोला. माझ्याकडे तुमचे सगळे शब्द होते, आणि मी ‘ऐका’वर होतो. पण मी ‘बोला’वर असतो, तरी काय झालं असतं?

“तुला उपाशी ठेवलंय का गो?” आवडाबाईने विचारलं.

“रात्रीपासून.”

“आलीस की काकडीचे घारगे करते. तवशी लागलीत बघ चांगली.”

“कर,” काशीबाय म्हणाली. “जरा गोड कर. तुझ्या हातचे अळणी असतात.” मागून कुणीतरी तिला हाक मारली. “चल, आले न्यायला.”

लाइन सुटली.

काशीबाय जिवंत घरी आली नाही. ऑपरेशन झालं, पण ती शुद्धीवर आली नाही. तिला आगरदांड्याला आणलं, तेव्हा आवडाबाई पहिल्या फेरीने गेली. या वेळी उशीर झाला नाही.

तेरावं झाल्यावर ती केंद्रात आली. बाकावर बसली, आणि बाळाजीला म्हणाली, “तो फोन दे बघू.”

बाळाजीने मला तिच्या हातात दिलं. सुरकुतलेले, खरखरीत, गरम हात. तिने मला उलटंसुलटं करून पाहिलं.

“बाळाजी, मी त्या दिवशी बोलले ते ह्याच्यात असेल ना? कुलदीपच्या मोबाइलात ऱ्हातं, तसं. असेल तर लावून दे. बायच्या फोटोसमोर धरीन म्हणते. मला ते पुन्हा बोलता येत न्हाय रे. दोनदा उभी ऱ्हायले फोटोसमोर. न्हाय येत.”

“न्हाय काकी,” बाळाजी खाली बघत म्हणाला. “ह्याच्यात काय ऱ्हात न्हाय. आवाज येतो आन् जातो.”

“एवढा दणकट घेतलास, आन् काय ऱ्हात न्हाय?”

तिने तरीही मला कानाला लावलं. बराच वेळ लावून बसली. मी कुठल्याच तारेला जोडलेला नव्हतो. तिला आत काय ऐकू आलं असेल, मला माहीत नाही. मग तिने मला हळूच टेबलावर ठेवलं, आणि एसटी चुकेल म्हणून ती उठली.

आता शेवरवाडीपर्यंत काचेच्या तंतूची लाइन गेली आहे. तांब्याच्या तारा उतरवल्या. माझं काम संपलं. मी केंद्रातल्या एका खणात पडून असतो. चिमट्यांवर तेलाचा हात फिरून वर्षं झाली, तरी ते अजून घट्ट आहेत. बाळाजी निवृत्त व्हायला आला आहे. कधी खण उघडला तर मला बघतो आणि बंद करतो. तो मला दोष देत नाही. मीही त्याला देत नाही. दिला तरी कुणाला ऐकू येणार?

मित्रांनो, कामावरून उठताना आपली हत्यारं मोजून घ्या. पिशवीच्या वजनावर जाऊ नका, आत हात घालून बघा. हे मी तुम्हाला सांगणारच होतो. पण त्याहून एक मोठी विनंती आहे. फोन उचललात आणि पलीकडून कुणी बोललं नाही, तर ते ऐकतंय असं समजू नका. कोण आहे म्हणून विचारा. उत्तर येईपर्यंत विचारा. नाहीच आलं, तर फोन ठेवा, एसटी पकडा, फेरी पकडा, आणि जे सांगायचं ते त्या माणसासमोर बसून सांगा. पहिल्यांदा सुचलेले शब्द दुसऱ्यांदा तसे येत नाहीत.

मला सांगू नका. माझ्यात काही राहत नाही, असं बाळाजी म्हणाला. ते खरं नाही. सगळं राहतं. परत मात्र देता येत नाही.